थोरल्याच्या बदल्यात

मिरजगावच्या बँडात मच्छिंद्र सगळ्यांत मागं चालायचा. पुढं क्लॅरिनेट घेऊन आबासाहेब मास्तर, त्यांच्या मागं ट्रंपेटवाले, मग ढोल-ताशा, आणि सगळ्यांच्या शेपटाला मच्छिंद्र, खांद्यापासून कमरेपर्यंत वेटोळं घातलेलं ते पितळी धूड फुंकत. युफोनियम हे त्याचं खरं नाव. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून बँडात सगळे त्याला 'थोरला' म्हणत.

मच्छिंद्रच्या बापानं तो नगरला लष्कराच्या मोडीतून घेतला होता. पुढं जामखेडच्या बाजूला एका लग्नाला जाताना थोरला बैलगाडीतून पडला आणि त्याच्या तोंडाला पोचा आला. तेव्हापासून अगदी खालचा सूर लावला की शेवटाला बारीक घरघर यायची, चुलीशी झोपलेल्या मांजराची येते तशी. मास्तरांना ती खपायची नाही. पोचा काढून घे, म्हणून त्यांनी दहादा सांगितलं असेल. मच्छिंद्र हो म्हणायचा आणि विसरायचा.

विसरायचं कारण त्याची बायको मनकर्णा. लग्न आटोपून बँड गावाकडं परतला की ओढ्यापाशी मास्तर एक गाणं हमखास वाजवायला लावत. आपण आलोय हे गावाला कळलं पाहिजे ना! क्लॅरिनेट वाऱ्यावर कुठंही भरकटायचं, ट्रंपेट बाभळीत अडकायचं. थोरला मात्र जमिनीलगत सरपटत थेट मच्छिंद्रच्या घरात शिरायचा. ती घरघर कानावर पडली की मनकर्णा चुलीवर तवा टाकायची, पदर सारखा करायची आणि "आले" म्हणत दाराबाहेर येऊन उभी राहायची. मिरजगावात थोरल्याची पारख करणारं माणूस म्हणाल तर हे एकच. बाकी गावाच्या लेखी तो बँडातला मागचा माणूस होता आणि मागच्या माणसाकडं कोण बघतं?

बघत नव्हतेच. लग्नात सगळ्या पंगती उठल्यावर बँडवाल्यांना मांडवामागं, गाड्यांच्या चाकांशी बसवून वाढायचे. भात गार, आमटी तळाची. वाढणारा हात उंचावरून वाढायचा. मच्छिंद्रला त्या हाताची इतकी चीड होती की कधी कधी तो पोट दुखतंय म्हणून जेवायचंच टाळायचा.

बहात्तरच्या दुष्काळात तर लग्नंच पाच माणसांत उरकली. दोन पावसाळे बरे झाले आणि लोकांच्या हातात पुन्हा पैसा खेळू लागला, तसं नवंच खूळ निघालं. आता म्हणे बँडानं भागत नाही, मांडवात ऑर्केस्ट्रा पाहिजे. कर्जतला असा एक ऑर्केस्ट्रा आला, तेव्हा मास्तर सगळ्या बँडाला घेऊन बघायला गेले. गाणारी बाई, पेटी, बोंगो, कोट घातलेली माणसं. मच्छिंद्रची नजर मात्र कडेला खुर्चीत बसलेल्या एका माणसावर खिळली. त्याच्या मांडीवर चार जाड तारांची गिटार होती. तो एकेक तार छेडत होता आणि मच्छिंद्रच्या पोटात कुणीतरी आतून धपाटा घालत होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्यो तर माजा सूर हाय. थोरल्याचाच."

तेवढ्यात वधूपिता स्वतः स्टेजवर चढला आणि त्यानं त्या गिटारवाल्याला कपबशीतून चहा दिला. वाकून दिला. मच्छिंद्रनं ते पाहिलं आणि तिथंच त्याचं ठरलं.

मास्तरांचंही ठरलं होतं. बँडाचा 'झंकार ऑर्केस्ट्रा' झाला. गळ्यात अडकवायची पेटी आली, नगरची एक गाणारी बाई ठरली, कोट शिवायला टाकले. राहिली ती जाड तारांची गिटार. ती कुणी निवडायची, हा प्रश्नच नव्हता. खालच्या सुराचा कान मच्छिंद्रचा, वाजवणारही तोच. मास्तरांकडं बँडाचे आठशे रुपये होते. वरचं काय लागेल ते थोरला देऊन भागवायचं, असं मच्छिंद्रनंच आपल्या तोंडानं सांगितलं. खुर्चीत बसल्यावर थोरला लागणार कशाला?

मनकर्णेला मात्र ते पटलं नव्हतं. "ऱ्हाऊ द्या की घरात. खायला मागतोय का तो?" ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं," मच्छिंद्र म्हणाला. आयुष्यात त्यानं म्हटलेलं याहून खोटं वाक्य शोधून सापडणार नाही.

नगरला कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एका बोहरी शेटचं वाद्यांचं दुकान होतं. थोरल्याला गोधडीत गुंडाळून मास्तर आणि मच्छिंद्र पहिल्या एसटीनं गेले. शेटनं भिंतीवरून तीन गिटारी उतरवल्या आणि कपाटाएवढ्या एका काळ्या खोक्याला वायर जोडली. खोक्यावर लाल दिवा लागला.

पहिली गिटार तीनशेची. रंग असा भडक लाल की बैलाला दाखवली असती तर दुकान राहिलं नसतं. कुणीतरी प्लायवूड कापून ठोकलेली, तारा इतक्या वर की दाबताना बोट कापावं. शेटनं तार छेडली आणि रॉकेलच्या डब्यावर काठी मारावी तसा आवाज आला. टण्ण. मच्छिंद्रनं नाक मुरडलं. शेटनं खालपासून वरपर्यंत सूर दाबून दाखवले, तेव्हा तर त्याला हसूच फुटलं.

"वर गेली की ही कनसूर हुतीय, शेट. दांडी वाकलीय हिची."

शेटनं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. वीस वर्षं दुकान चालवणाऱ्यालाही पहिल्या फटक्यात न कळणारी गोष्ट या मळक्या टोपीवाल्यानं सांगितली होती. मास्तरांची छाती फुगली.

दुसरी साडेसहाशेची, कलकत्त्याची. सूर चोख, दांडी सरळ. मच्छिंद्रनं ती मांडीवर घेतली. बोटं कशी ठेवायची ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो एकेक तार मोकळीच छेडायचा आणि डोळे मिटून तिचा आवाज विझेपर्यंत ऐकायचा. चारही तारा ऐकून झाल्यावर म्हणाला, "तीन बोलत्यात, एक मुकी हाय. सगळ्यात जाड तीच मुकी. मला तर तीच लागनार."

तिसरी गिटार शेटनं कापडात गुंडाळून ठेवली होती. जपानची, वापरलेली. छावणीतला कुणी फौजी साहेब बदली झाली तेव्हा विकून गेला होता. कडेला काळी, मध्ये मधाच्या रंगाची. चौदाशे रुपये. मास्तर किंमत ऐकून खोकले.

मच्छिंद्रनं सगळ्यात जाड तार छेडली.

आधी त्याच्या बुडाखालचं स्टूल थरारलं, मग बरगड्या. सवयीनं त्यानं सूर लावताना छाती भरून श्वास घेतला होता. तो श्वास हळूहळू सोडत राहिला. श्वास संपला, तरी सूर चालूच. जन्मभर त्यानं जो सूर काढला तो दमाएवढा होता, दम संपला की सूर तुटायचा. इथं तो कुणाच्या दमाला बांधलेलाच नव्हता. मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"हीच," तो म्हणाला.

शेट धंदेवाला खरा, पण बेइमान नव्हता. त्यानं गोधडी सोडून थोरल्याला उलटासुलटा पाहिला, पोच्यावरून बोट फिरवलं आणि सहाशे धरले. मग म्हणाला, "आठशे तुमचे, सहाशे याचे. सगळे या गिटारमधेच जातील. मग हा डबा कशातून घेणार?"

"कसला डबा?" मास्तर म्हणाले.

शेटनं काळ्या खोक्यावर थाप मारली. "याचे सातशे वेगळे. माझं ऐका, ती लाल घ्या आणि डबा घ्या. नाहीतर कलकत्तेवाली घ्या आणि डबा घ्या. पण डबा घ्या. नुसत्या गिटारला आवाज कुठला?"

मास्तर हसले. "शेट, आमी अगदीच आडानी न्हाई. गावात पुंजारामची मशीन हाय. दोन करने हायेत. सप्त्यात बुवा खोकला तर तीन कोसावर ऐकू जातं. त्याला लावू की."

शेट काही बोलणार तेवढ्यात मच्छिंद्रच बोलला, आणि मोठ्या तोऱ्यात बोलला. "शेट, आवाज वाद्यात आसतो, डब्यात न्हाई. हलकं वाद्य घिऊन त्याला भारी डबा लावायचा, म्हंजी काय झालं?"

बिचाऱ्याचं चुकलं म्हणावं, तर त्याला दुसरं ठाऊक तरी काय होतं? पितळ फुंकणाऱ्या माणसाला आवाज आणि वाद्य वेगवेगळं कुणी कधी विकलं होतं? आणि गावात वीज म्हटली की पुंजारामची मशीन. जे तिच्यात घालाल ते मोठं होऊन बाहेर पडायचं. गाणं, भाषण, हरवलेल्या म्हशीची दवंडी, सगळं. शेटनं एकवार मास्तरांकडं पाहिलं, एकवार चौदाशेच्या गिटारकडं पाहिलं आणि खांदे उडवले. दोनदा सांगितलं होतं त्यानं. तिसऱ्यांदा सांगायला तो काही त्यांचा मामा नव्हता.

निघताना शेटनं हात पुढं केला. "तोंडी राहिली."

थोरल्याची फुंकायची तोंडी मच्छिंद्रनं रोजच्या सवयीनं सदऱ्याला पुसून खिशात टाकली होती. त्यानं ती काढून दिली. एकदा शेवटचं वाजवून घ्यावं असं त्याच्या मनात होतं, पण मास्तर एसटीची घाई करत होते, आणि हातात नवी गिटार असताना जुन्याचे लाड करायला त्यालाही लाज वाटली.

चार महिने त्यानं जीव तोडून मेहनत केली. सूर डोक्यात होतेच, फक्त बोटांना त्यांचे पत्ते शिकवायचे होते. बोटांची कातडी दोनदा सोलून निघाली आणि तिसऱ्यांदा टणक झाली. घरात वीज नव्हती. गिटार वाजवली तर डास गुणगुणल्याएवढंही ऐकू यायचं नाही. पण एकदा वाजवता वाजवता गिटारचं टोक दाराच्या फळीला टेकलं आणि अख्खं दार बोलायला लागलं. तेव्हापासून तो दाराला टेकूनच बसायचा.

"मला तर काय बी ऐकू येत न्हाई," मनकर्णा म्हणायची.

"हितं कान लाव. फळीला."

तिनं कान लावला. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आगं बया, ह्ये तर दारातनं येतंय."

"मशीनला लावल्यावर बघ. वढ्याच्या पल्याड जातंय का न्हाई."

"पन ती घरघर न्हाई हिच्यात," ती म्हणाली. मच्छिंद्रनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

झंकार ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम गावातच ठरला. धान्याचे आडते कारभारी अण्णा यांच्या मुलीचं लग्न, गोरज मुहूर्त, नवरदेव पारनेर तालुक्यातल्या सुप्याचा. नवऱ्या मुलाची मिरवणूक वाजवायला बँड त्यांचा, मांडवातला ऑर्केस्ट्रा आपला. कारभारी अण्णांनी स्टेजवर गादीच्या खुर्च्या मांडल्या. मच्छिंद्रनं निळा कोट चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सगळ्या मांडवापेक्षा उंच जागा मिळाली होती.

चार वाजता पुंजारामनं मशीन लावली. एक कर्णा लिंबावर, एक मांडवाच्या बांबूवर. पेटी वाजली, झकास. बाईचा गळा वाजला, अख्खा बाजार वळून बघायला लागला. मग गिटारची वायर जोडली. मच्छिंद्रनं डोळे मिटले आणि जाड तार छेडली.

टिक्.

त्यानं डोळे उघडले. पुन्हा छेडली. टिक्. तारेवर बोट आपटल्याचा आवाज तेवढा आला. सूर नाहीच. पुंजारामनं बटण पिरगाळलं. कर्ण्यातून फाटक्या कापडासारखी फरफर आली, लिंबावरचे कावळे उडाले, पण सूर काही आला नाही. त्यानं वायर काढली, फुंकली, परत घातली. तेच. बारीक तारांवर वर जाऊन छेडलं तर कुठंतरी पुसट टणटण यायची. खाली यावं तसा कर्णा मुका. आणि मच्छिंद्रचं सगळं काम खाली होतं.

"मास्तर, ह्या करन्याला जाड आवाज पेलत न्हाई," पुंजाराम म्हणाला. "बाईमानसाचा गळा म्हना, बासरी म्हना, लई झ्याक. हे त्याच्या लई खालचं हाय. हिच्यासंगं मोठा खोका आसतो, लाकडाचा. दुकानदारानं दिला न्हाई का?"

मास्तरांनी वळून मच्छिंद्रकडं पाहिलं. रॉकेलच्या डब्यासारखी टणटणणारी ती तीनशेची लाल गिटार मच्छिंद्रला आठवली. ती घेऊन डबा घेतला असता तर वर चारशे शिल्लक राहिले असते. त्याच्या चोख कानानं निवडलेली ही जपानची राणी तेवढी मुकी निघाली होती.

"नगरला जाऊन डबा आनू, मास्तर. उद्याच जाऊ."

"कशाच्या बदल्यात?" मास्तर म्हणाले. "थोरला एकच हुता."

मच्छिंद्रनं गिटार मांडीवरून उतरवायला घेतली, तसा मास्तरांनी त्याचा खांदा दाबला.

"बस. उठू नगंस. बोटं हालवत ऱ्हा. ऐकतंय कोन? लोकं बघाय येत्यात. निस्ती मांडीवर दिसली तरी बास."

आणि मास्तरांचं म्हणणं खरं ठरलं, हेच तर दुखणं होतं. मांडव भरला, गाणी सुरू झाली. पोरं स्टेजला खेटून गिटारकडं बोट दाखवायला लागली. कारभारी अण्णा स्वतः वर आले. "आबासाहेब, गिटार म्हंजी एक नंबर! शोभा आली बगा मांडवाला," असं म्हणत त्यांनी कपबशी पुढं केली. मास्तरांच्या आधी मच्छिंद्रपुढं. वाकून. वीस वर्षं त्यानं जे मागितलं ते सगळं त्या बशीत होतं. चहा गोड असणार, वेलदोडाही असणार. मच्छिंद्रला त्याची चव लागली नाही. पहिल्या पंगतीला चला म्हणून निरोपही आला.

तो बोटं हलवत राहिला. नुसती हलवली असती तर एकवेळ बरं झालं असतं, पण ते त्याला जमेना. तो वाजवत होता. प्रत्येक गाण्यातला प्रत्येक सूर, ताल न चुकता, तार न चुकता. मांडवात पाचशे माणसं होती आणि त्यातल्या एकालाही ते ऐकू येत नव्हतं.

समोर बायकांत खांबाशी मनकर्णा बसली होती. नवं इरकल नेसली होती. एकदा स्टेजकडं, एकदा लिंबावरच्या कर्ण्याकडं बघत होती. मान तिरपी करून ऐकायचा प्रयत्न करत होती. त्याची तिच्याशी नजरानजर झाली तशी ती हसली, पण ते हसू त्याला ओळखीचं होतं. आजाऱ्याला बरं दिसतंय म्हणताना ती तशी हसायची. इथं टेकायला दार नव्हतं.

सूर्य कलला तशी मारुतीच्या देवळाकडून मिरवणूक निघाली. सुप्याचा बँड वाजायला लागला. मास्तरांना चेव आला. त्यांनी हातानंच खूण केली, जोरात! बाईनं आवाज चढवला, पुंजारामनं बटण पिरगाळलं, कर्णे किंचाळायला लागले. लांबच्या बँडाचं क्लॅरिनेट त्यात कुठंच विरून गेलं. ट्रंपेटही दबलं.

आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या खालून, जमिनीलगत सरपटत काहीतरी आलं. स्टेजच्या फळ्यांतून ते मच्छिंद्रच्या तळपायात शिरलं. खालचा सूर. लांबला, लांबला, आणि शेवटाला बारीक घरघर.

मच्छिंद्रचे हात थांबले. नगरच्या भिंतीवर टांगलेला थोरला सुप्याच्या बँडानं उचलला होता, यात नवल ते काय? सुपा नगरपासून असा किती लांब आहे! वाजवणारा कोवळा होता. सूर पुरता लावायच्या आत दम टाकत होता. तरी थोरला आपलं काम करत होता. मांडवातल्या माणसांच्या माना एकेक करून रस्त्याकडं वळायला लागल्या.

मनकर्णा उठली. थोरला विकलाय हे तिला ठाऊक होतं. नवरा समोर स्टेजवर बसलाय हे तर दिसत होतं. पण वीस वर्षांचे कान कुणाला विचारत नाहीत. तिनं पदर सारखा केला, शेजारणीकडं वळून काहीतरी म्हणाली. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ओठांवरून मच्छिंद्रला कळलं.

"आले."

बायकांमधून वाट काढत ती मांडवाच्या तोंडाशी गेली आणि रस्त्याकडं डोळे लावून उभी राहिली. बँड वळणावर आला. पुढं क्लॅरिनेट, मग ट्रंपेट, मग ढोल-ताशा, आणि सगळ्यांत मागं गाल फुगवून थोरला फुंकणारं ते परकं माणूस. ते जवळ येईपर्यंत मनकर्णा तशीच उभी होती. मग तिचा पदर धरलेला हात खाली आला. तिनं वळून स्टेजकडं पाहिलं.

मच्छिंद्रनं मान खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत बोटं हलवत राहिला.